लोखंडाची साक्ष

यादव माधव काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२३ मध्ये, अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले होते. पुढे तेच विदर्भ महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. या प्रांताचे इतिहासलेखन आणि या प्रांतातील उच्च शिक्षण अशी दोन्ही कामे जवळजवळ हातात हात घालून निघाली. मात्र पुढील शंभर वर्षांत त्यांची गाठ फारशी पडली नाही. आमच्याकडील शिक्षणसंस्थांचे इतिहास, गौरवग्रंथ, सुवर्णमहोत्सवी स्मरणिका चाळल्या तर त्यांत संस्थापक असतात, देणगीदार असतात, कोनशिला आणि प्राचार्यांची नामावली असते. वर्गाच्या मागच्या बाजूस, प्रयोगशाळेच्या ओट्यावर काय घडले, याची नोंद मात्र बहुधा एका ओळीत आटोपते: अमुक इतके शोधनिबंध प्रसिद्ध झाले.

आम्ही मराठीचे अध्यापक. शोधनिबंधातील गणित आमच्या आवाक्यातले नव्हे. पण कागद कोणी लिहिला, कधी लिहिला, लिहिणाऱ्याने स्वतः पाहिले की दुसऱ्याकडून ऐकले, त्याची साक्ष कोठपर्यंत ग्राह्य धरायची, हे प्रश्न विचारायला राजवाड्यांनी मराठी अभ्यासकाला शिकवले आहे. तेच प्रश्न एखाद्या पदार्थाच्या इतिहासाला विचारता येतील काय, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. पदार्थ आहे लॅन्थॅनम, कोबाल्ट आणि ऑक्सिजन यांचे संयुग. त्याची कथा नेदरलँड्समध्ये सुरू होते, दिल्ली-कानपूरला येते आणि तिचे एक छोटे प्रकरण अमरावतीत लिहिले गेले आहे.

प्रथम नावांविषयी. कोबाल्ट हे नाव जर्मन खाणकामगारांच्या भुतावरून आले. धातुक भट्टीत घातले की चांदी निघायची नाही, विषारी धूर मात्र निघायचा. तेव्हा हा 'कोबोल्ड' नावाच्या खोडकर भुताचा खेळ असे ते म्हणत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडनच्या ब्रांट यांनी त्या भुतातून धातू वेगळा केला. लॅन्थॅनमचे नाव ग्रीक भाषेतील 'लपून राहणे' या अर्थाच्या क्रियापदावरून पडले, कारण ते सेरियमच्या आड दडून बसले होते. मोसांडर यांनी ते १८३९ मध्ये शोधून काढले. त्याच वर्षी गुस्ताव रोझ यांना उरल पर्वतातून आलेल्या एका खनिजाचे वर्णन करता आले आणि पेरोव्स्की नावाच्या रशियन अधिकाऱ्याच्या सन्मानार्थ ते खनिज 'पेरोव्स्काइट' झाले. आपले संयुग त्याच घडणीचे आहे: कोबाल्टच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे सहा अणू, अशा एकमेकांना जोडलेल्या अष्टफलकांची चौकट, आणि चौकटीतील मोठ्या पोकळीत लॅन्थॅनम. लॅन्थॅनमच्या कुळाला मराठीत 'विरल मृत्तिका' म्हणतात. नाव थोडे फसवे आहे, कारण ही मूलद्रव्ये तितकीशी विरल नाहीत. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील मोनॅझाइट वाळूत ती असल्याचे १९०९ मध्ये लक्षात आले. स्वतंत्र भारताने १९५० मध्ये त्यासाठी 'इंडियन रेअर अर्थ्स' ही सरकारी कंपनी काढली आणि १९५२ मध्ये केरळात आलुवा येथे कारखाना सुरू झाला.

या संयुगाचे चुंबकत्व १९५३ मध्ये आइंडहोव्हन येथील फिलिप्सच्या प्रयोगशाळेतून योंकर आणि व्हान सांटेन यांनी सविस्तर मांडले. त्यात एक विचित्र गोष्ट होती. चुंबकाला तापवले की त्याची शक्ती जाते, हे आपण शाळेत शिकतो. लोखंडसुद्धा ७७० अंश सेल्सिअसला आपले चुंबकत्व सोडते. हा पदार्थ उलटा वागतो. अतिशीत अवस्थेत तो चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. थोडी ऊब मिळाली की त्याचा प्रतिसाद वाढू लागतो, उणे १७५ अंशांच्या आसपास शिखर गाठतो आणि मग इतरांसारखा उतरू लागतो. पुढे सुमारे २३० अंशांवर आणखी एक बदल होतो आणि विजेला अडवणारा हा पदार्थ तिला बऱ्यापैकी वाट देऊ लागतो.

याचे कारण समजण्यासाठी पाच खोल्यांच्या वाड्याची कल्पना करावी. तीन खोल्या तळमजल्यावर, दोन माडीवर. एका खोलीत फार तर दोघे. कोबाल्टच्या आयनात या वाड्यात राहणारे सहा इलेक्ट्रॉन असतात. थंडीत सहाही जण तळमजल्यावर जोडीजोडीने बसतात. जोडीतील दोघांचे चुंबकत्व परस्परविरुद्ध असल्याने बेरीज शून्य होते. उष्णता मिळाली की काही जण जिना चढून माडीवर जातात, जोड्या फुटतात आणि एकट्या पडलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे आयन चुंबकीय होतो. मात्र हा जिना फार उंच नाही. तळमजला आणि माडी यांतील अंतर अगदी काठावरचे असल्यामुळेच हे संयुग शास्त्रज्ञांच्या दृष्टीने मोलाचे ठरले. प्रश्न असा पडला की माडीवर एक जण जातो की दोघे? एक गेला तर दोघे एकटे उरतात, दोघे गेले तर चौघे. प्रश्न साधा दिसतो. त्यावर सत्तर वर्षे खल चालला आहे.

अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत जॉन गुडइनफ यांनी पन्नाशीच्या दशकापासून या कुळाचा विचार चालवला होता. राक्का यांच्यासह त्यांचा महत्त्वाचा निबंध १९६७ मध्ये आला. हेच गुडइनफ पुढे १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडकडे वळले, त्यातून आजच्या बॅटऱ्या आल्या आणि २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. खिशातील मोबाइल आणि आपले हे अनोळखी संयुग यांचे असे भाऊबंदकीचे नाते आहे.

आता भारताकडे. कानपूरच्या आयआयटीत सी. एन. आर. राव १९६३ पासून होते आणि घन पदार्थांच्या रसायनाचा अभ्यास तेथे रुजत होता. दुसऱ्या बाजूस विष्णु गणेश भिडे हे मराठी भौतिकशास्त्रज्ञ. मुंबईच्या विज्ञान संस्थेत असताना त्यांनी मुलतानी यांच्यासह बेरियम टायटनेट आणि बिस्मथ फेराइट यांवर १९६५ मध्येच म्योसबाउअर पद्धतीने केलेले काम प्रसिद्ध केले होते. ही पद्धत तेव्हा नवीकोरी होती. रुडॉल्फ म्योसबाउअर यांचा मूळ शोध १९५८ चा आणि नोबेल १९६१ चे. भिडे पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत गेले. पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि सौरऊर्जेचे पुरस्कर्ते म्हणून मराठी वाचक त्यांना नंतर ओळखू लागला. पण त्याआधी, १९७२ मध्ये, भिडे, राजोरिया, रामा राव आणि सी. एन. आर. राव या चौघांचा लॅन्थॅनम कोबाल्टेटवरील निबंध 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये आला. इलेक्ट्रॉन माडीवर जातात ते कसे आणि किती, हे आतून पाहण्याचा तो प्रयत्न होता.

आतून पाहायचे कसे? येथे आमच्यातील इतिहासाचा वाचक जागा झाला. कोबाल्टचा एक किरणोत्सर्गी भाऊ आहे, कोबाल्ट ५७. त्याचे अर्धायुष्य सुमारे २७२ दिवस. तो अत्यल्प प्रमाणात संयुगात मुरवला तर कोबाल्टच्याच जागी जाऊन बसतो आणि कालांतराने क्षय पावून लोखंड होतो. हे नवजात लोखंड सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागात गॅमा किरण सोडते. लोखंडाच्या भोवती काय परिस्थिती आहे, त्यानुसार त्या किरणाच्या ऊर्जेत अतिसूक्ष्म फरक पडतो. किरणाचा उगम किंवा तो शोषणारा पत्रा सेकंदाला काही मिलिमीटर इतक्या मंद गतीने पुढेमागे हलवून हा फरक मोजता येतो. गावात एक माणूस पेरावा, तो गावकऱ्यांसारखाच राहावा आणि मरताना त्याने चार शब्द सांगून जावे, तसा हा प्रकार आहे.

त्या साक्षीतून असे दिसले की अतिशीत अवस्थेत बहुतेक आयन शांत असतात, तापमान वाढते तसे शांत आणि चुंबकीय असे दोन प्रकारचे आयन एकत्र नांदू लागतात, आणि आणखी वाढले की त्यांच्यात इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण सुरू होते. पुढे १९७४ मध्ये निओडिमियम आणि गॅडोलिनियम यांच्या कोबाल्टेटांवरही अशीच मोजमापे आली. एखाद्या मोठ्या परदेशी शोधाला जोडलेली तळटीप असे या कामाचे स्वरूप नव्हते. त्या वादात ज्या कागदांचा हवाला द्यावा लागतो, त्यांतील एक कागद भारतात तयार झाला होता.

पण साधनचिकित्सा येथेच सुरू होते. साक्ष कोबाल्टविषयी आहे आणि साक्षीदार लोखंड आहे. तो साक्ष देतो त्याच क्षणी त्याची जात बदललेली असते. आपण जी रेषा वाचतो ती कोबाल्टच्या मूळ स्थितीची, की क्षयाच्या क्षणी झालेल्या उलथापालथीची? नंतरच्या संशोधकांनी हीच शंका काढली, आणि ती रास्त होती. बखरकार घटनेनंतर लिहितो, आश्रयदात्याच्या घरी लिहितो, म्हणून आपण बखर फेकून देत नाही. ती दुसऱ्या कागदांशी ताडून पाहतो. शास्त्रातही तेच घडले. १९९६ मध्ये कोरोटिन आणि सहकाऱ्यांनी गणनेच्या आधारे मांडले की माडीवर एकच इलेक्ट्रॉन जातो. पुढील दहा वर्षे ते मत बरेच प्रचलित राहिले. मग २००६ मध्ये क्ष-किरणांच्या शोषणावरून हाव्हरकोर्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोघेच जातात, आणि शांत व चुंबकीय आयन शेजारीशेजारी मिसळून असतात. म्हणजे १९७२ च्या साक्षीतील मिश्र वस्तीचे चित्र वेगळ्या साधनाने, चौतीस वर्षांनी, पुन्हा पुढे आले. वाद त्यानंतरही पुरता मिटलेला नाही. परंतु साक्षीदार संशयास्पद असूनही त्याने सांगितलेला मुख्य मुद्दा टिकू शकतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे उदाहरण आहे.

आता भेसळीविषयी. शुद्ध संयुगात लॅन्थॅनमच्या काही जागी स्ट्रॉन्शियम घातले तर काय होते? लॅन्थॅनम तीन इलेक्ट्रॉन देते, स्ट्रॉन्शियम दोनच. ती तूट कोबाल्टला भरून काढावी लागते आणि त्या ओढाताणीत पदार्थाचा स्वभावच बदलतो. स्ट्रॉन्शियमचे प्रमाण सुमारे अठरा टक्क्यांच्या पुढे गेले की तो धातूसारखी वीज वाहू लागतो, आणि शून्याखाली वीस-तीस अंशांपर्यंत थंड केला की खराखुरा लोहचुंबक होतो. या क्रियेला इंग्रजीवरून 'डोपिंग' म्हणतात. मराठीत काही ठिकाणी 'भेसळ' म्हटलेले आढळते. दूध आणि गोडेतेल यांच्या संदर्भात भोगलेला हा शब्द येथे अन्यायकारक वाटतो. 'विरजण' जवळचा आहे, कारण थोडक्याने सगळ्याचा गुण पालटतो; पण विरजण आपोआप वाढत जाते, स्ट्रॉन्शियम घातले तेवढेच राहते. मराठीला येथे अजून नेमका शब्द सापडलेला नाही, आणि शब्द सापडत नाही याचे कारण या विषयावर मराठीत पुरेसे लिहिले गेले नाही, एवढेच आहे.

याच स्ट्रॉन्शियममिश्रित पदार्थावर १९७५ मध्ये भिडे, राजोरिया, राव, रामा राव आणि जाधव यांचा निबंध आला. त्यातील निष्कर्ष असा की एकाच नमुन्यात स्ट्रॉन्शियमबहुल चुंबकीय वस्त्या आणि लॅन्थॅनमबहुल अचुंबकीय वस्त्या सोबत असतात. बाहेरून एकसंध दिसणारा स्फटिक आतून एकसंध नसतो. पंचवीसएक वर्षांनी याच प्रकारच्या सहवासाला जगभरच्या संशोधनात मोठे महत्त्व आले. १९७५ चा हा निबंध तेव्हा जुना झाला होता, पण चुकीचा ठरला नव्हता.

चुंबकत्वाइतकीच उष्णतेची बाजूही महत्त्वाची आहे. माडीवर गेलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे आयन फुगतो: शांत कोबाल्टची त्रिज्या ०.५४५ अँगस्ट्रॉम, चुंबकीय कोबाल्टची ०.६१, म्हणजे सुमारे बारा टक्के अधिक. अणूंची नेहमीची थरथर आणि त्यावर हे फुगणे, यामुळे तापवल्यावर हा पदार्थ अपेक्षेपेक्षा फार प्रसरण पावतो. अकोल्याच्या मे महिन्यात रूळ का लांबतात हे कोणाला सांगावे लागत नाही. पण येथे तो प्रश्न भट्टीच्या तापमानाला येतो. घन ऑक्साइडच्या इंधनघटात असा पदार्थ विद्युतअग्र म्हणून वापरायचा तर शेजारचा झिर्कोनियाचा थर त्याच्या निम्माच प्रसरतो, आणि सांध्यावर तडे जातात. म्हणून कोबाल्टचा काही भाग काढून त्याजागी लोखंड घालतात. मिश्रण बदलले की उष्णता साठवण्याची क्षमता किती बदलेल, याची गणिती प्रतिमाने आमच्या शेजारीच, परतवाडा-बैतूलमार्गे भोपाळला, बरकतउल्ला विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात मांडली गेली आहेत.

आणि येथे अमरावती येते. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. ते स्वतः वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून आलेले विद्वान. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी काढलेल्या शिक्षणाच्या वाटेवर विज्ञानही होते. त्या संस्थेच्या अमरावती येथील श्री शिवाजी विज्ञान महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या संशोधकांचा एक निबंध २००९ मध्ये 'टॅलान्टा' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. त्यांनी लॅन्थॅनम कोबाल्टेटमधील कोबाल्टचा पाचवा हिस्सा काढून तेथे लोखंड बसवले, सोल-जेल पद्धतीने त्याची भुकटी केली, तिचा जाड लेप दिला आणि तो लेप अमोनिया वायू ओळखतो हे दाखवले. तापलेल्या लेपाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन चिकटलेला असतो. अमोनिया आला की त्याची त्या ऑक्सिजनशी क्रिया होते आणि लेपाचा विद्युतरोध बदलतो. बर्फाचा कारखाना किंवा शीतगृह यांत काम करणाऱ्याला अमोनियाची गळती म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. त्याच्या नाकाआधी सूचना देणारी वस्तू एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात घडवली जात होती.

या दोन निबंधांना एका शेजारी ठेवले की एक संगती दिसते. १९७२ च्या प्रयोगात लोखंड कोबाल्टच्या जागी क्षयाने आले, अणूअणूने, साक्ष देण्यासाठी. २००९ मध्ये ते हातांनी मोजून घातले गेले, कामासाठी. पहिल्यामागे राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि आयआयटी होती. दुसऱ्यामागे पदवी वर्गांचे तास, परीक्षा, उत्तरपत्रिका यांतून वेळ काढणारे अध्यापक असतात, अशा प्रकारचे महाविद्यालय होते. दोन्हींची तुलना करून श्रेणी लावण्यात अर्थ नाही. पण पहिल्याचा इतिहास इंग्रजीत कोणी तरी लिहील, असा भरवसा धरता येतो. दुसऱ्याचा लिहायचा तर तो आपणच, आणि मराठीत.

त्यासाठी साधने कोणती? छापील निबंध हे त्यांतील सर्वांत पातळ साधन. त्यात तापमान आणि तास लिहिलेले असतात. त्या दशकात विदर्भात भारनियमन होते आणि भट्टी तासन्‌तास एका तापमानावर ठेवण्यासाठी सलग वीज लागते, ही गोष्ट निबंधात येत नाही. ती प्रयोगवहीच्या कडेला लिहिलेली असू शकते. भट्टी कधी घेतली, खलबत्ता ॲगेटचा होता की साधा, अनुदान कोणत्या वर्षी आले, हे डेड स्टॉक रजिस्टरमध्ये असते. पीएच.डी.च्या प्रबंधाची बांधीव प्रत विभागाच्या कपाटात असते. आणि नॅकची समिती येण्यापूर्वी जी साफसफाई होते, इमारत बदलताना जी रद्दी निघते, निर्लेखनाच्या यादीत जे नोंदवले जाते, त्यात नेमके हेच सारे जाते. मोडी रुमाल असेच गेले, त्याबद्दल आपण शतकभर हळहळत आलो. हे रुमाल अजून कपाटात आहेत.

अमरावती आणि अकोल्याच्या महाविद्यालयांत इतिहास आणि मराठी हे विभाग विज्ञानाच्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर असतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याला लघुप्रबंधासाठी विषय हवा असतो. त्याने एका प्रयोगशाळेचे रजिस्टर, दहा प्रयोगवह्या आणि निवृत्त प्रयोगशाळा सहायकाच्या दोन मुलाखती एवढे जरी मिळवले, तरी काळे यांनी ज्या प्रांताचा इतिहास लिहिला त्यात एका प्रकरणाची भर पडेल. त्या सहायकाला शास्त्रातले सगळे कळले नसेल, त्याच्या आठवणीत वर्षे मागेपुढे होतील. ती साक्ष आपण ताडून घेऊ. पण ती घेतली तर पाहिजे, आणि तो आहे तोवर.